चूक तुझी, सही तुझी

अण्णा, तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले आणि माझा तुमच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण सातपूरच्या आपल्या घरी सध्या जो येतो तो खुर्चीवर टेकायच्या आत एकच वाक्य बोलतो, "तत्त्वाचा माणूस गेला." पहिल्या दिवशी मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून गेले. चौथ्या दिवशी तुमच्या कारखान्यातले एक जुने सोबती तेच म्हणाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तत्त्वाच्या माणसाबरोबर दोन खोल्यांत राहून बघा एकदा."

काका दचकले. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "खरंय तिचं. चहात साखर किती?"

लोक तुमच्याबद्दल बोलतात तेव्हा तुम्ही मला ओळखूच येत नाही. त्यांच्या बोलण्यातले अण्णा शांत, हसतमुख, कुणाला न दुखावणारे आहेत. मला माहीत असलेले अण्णा जेवता जेवता हात थांबवून विचारायचे, "हे तू म्हणालीस ते कशावरून?" भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं तरी कशावरून. पाऊस येईलसं वाटतं म्हटलं तरी कशावरून. तुमच्या घरात साधं मत असायलासुद्धा दोन साक्षीदार लागायचे.

तुम्ही लेथ चालवायचात. पहिली पाळी संपवून आलात की हाताचं काळं तेल घासून काढायचात आणि मांडीवर पाट घेऊन लिहायला बसायचात. नळाला पाणी येत नाही, बस वेळेवर सुटत नाही, कंत्राटी कामगारांना हातमोजे मिळत नाहीत. एक विषय, एक पान, खाली स्वतःचं नाव आणि घराचा पूर्ण पत्ता. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे घरात पडून असायचे आणि माझ्या शाळेच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं. बाकीच्या मुलींच्या वह्या खाकी. माझ्या गणिताच्या वहीवर 'बंधू-भगिनींनो, किती दिवस गप्प बसणार?' बाईंनी ती वही वर्गासमोर उंच धरली आणि विचारलं, "हे मला उद्देशून आहे का गं?" वर्ग हसला. मी घरी येऊन रडले. तुम्ही विचारलंत, "बाई रागावल्या कशावरून? हसल्याही असतील." हसल्याच होत्या, पण तो मुद्दा नव्हता, अण्णा.

पत्रकाचं एक वेळ चाललं असतं. लिहिणारे पुष्कळ असतात. पण तुमचा तो नियम! ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याच्या दारात जाऊन त्याला ते आधी वाचून दाखवायचं आणि मगच छापायचं. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला रेशनच्या दुकानात घेऊन गेला होतात. दुकानदार गल्ल्यावर बसलेला, समोर बायकांची रांग. तुम्ही खिशातून कागद काढलात आणि म्हणालात, "मी तुमच्याविरुद्ध लिहिलंय. ऐकून घ्या." आणि सगळं पान वाचलंत. तो गाल खाजवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अण्णा, बाकी ठीक आहे. पण 'लुटारू' जरा जास्त होतंय." तुम्ही विचार केलात, पेन मागितलंत, त्याच्याच गल्ल्यावर कागद ठेवून 'लुटारू' खोडलंत आणि 'मापात कमी देणारे' असं लिहिलंत. तो म्हणाला, "हां, हे बरोबर आहे." रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. घरी येताना तुम्ही खूश. "बघ, त्यानं कबूल केलं," म्हणालात.

आणि चूक झाली तर? मग तर विचारायलाच नको. चूक जितक्या घरांत गेली तितक्या घरांत दुरुस्ती गेली पाहिजे. त्याच आकाराच्या कागदावर, तेवढ्याच ठळक अक्षरात, दाराखालून सरकवून नाही, हातात. बुद्धविहारातलं वाचनालय आठ महिने बंद आहे असं तुम्ही लिहिलंत आणि मग कळलं की सहा महिनेच बंद आहे. मे महिन्याच्या उन्हात तुम्ही मला बरोबर घेऊन सगळी कॉलनी पुन्हा फिरलात. एका दारात एक मावशी म्हणाल्या, "अहो अण्णा, आठ काय नि सहा काय, कुलूप आहे ना?" तुम्ही म्हणालात, "आहे. पण सहा." तेव्हापासून पोरं तुम्हाला दुरुस्तीवाले अण्णा म्हणायला लागली. तुम्हाला ते नाव आवडायचं, हे तर मला आणखीच सहन होत नव्हतं.

मी मोठी झाले, लिहायला लागले, आणि मला वाटलं आपण तुमच्यापेक्षा पुढे जाऊ. हातात फोन होता. सकाळी दिसलेलं दुपारी लोकांपर्यंत जात होतं. मी तुम्हाला म्हटलं होतं, "तुमचं पत्रक पोचेपर्यंत बस निघून गेलेली असते, अण्णा." तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "आणि तुझं पोचतं तेव्हा बस आलेलीच नसते." आई हसली होती. मी नाही.

आता शालनताईंचं बोलते. हे पान त्यासाठीच लिहायला घेतलंय आणि दीड पान मी इकडचंतिकडचं सांगतेय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मागच्या गल्लीतल्या शाळेत शालनताई अकरा वर्षं मुलांची खिचडी शिजवायच्या. मूळच्या पेठ तालुक्याकडच्या. नवरा वारला तेव्हा सुनेला आणि नातवाला घेऊन इथे राहायला आल्या. यंदा दिवाळीनंतर आयांच्या तक्रारी यायला लागल्या की तांदळात अळ्या आहेत. मी चौकशीला लागले. एका शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, मागच्या फाटकातून शालनताई आणि त्यांची सून तांदळाचं पोतं रिक्षात चढवताना मला दिसल्या. मी फोटो काढला. मला इतका आनंद झाला, अण्णा. त्या आनंदाची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते. घरी येऊन तासाभरात लिहिलं. 'पोरांच्या ताटातला तांदूळ चालला कुठे? शालनबाईंना विचारा!' सगळ्यांना विचारा म्हणून सांगितलं आणि मी विचारलं नाही.

तुम्ही दारातच अडवलंत. "वाचून दाखवलंस त्यांना?"

"चोराला आधी सांगून चोरी पकडतात का?"

"चोर कशावरून?"

"फोटो आहे!"

तुम्ही फोन लांब धरून बघितलात. "यात पोतं आहे. पोतं कुठं चाललंय ते यात नाही. आणि हे खाली काय लिहिलंयस? 'एक जागरूक नागरिक.' हा कोण?"

"मीच."

"मग तुझं नाव जागरूक कधी ठेवलं आम्ही?"

मी तुम्हाला ओलांडून गेले. दोनशे झेरॉक्स. अर्ध्या दाराखालून सरकवल्या, अर्ध्या गेटला अडकवल्या. फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. बुधवारी शाळेनं शालनताईंना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

आणि तुम्ही काय केलंत? शालनताईंच्या घरी गेलात. पुढच्या बोळातल्या चाळीतल्या त्या दोन खोल्या, वर पत्र्याशेजारी उघडी गच्ची. तिथे बघायला आता काही नव्हतं, फक्त जुन्या साड्यांच्या घड्या आणि दोन मोठी सुपं. शेजाऱ्यांना विचारलंत, रिक्षावाल्याला शोधून काढलंत, शाळेच्या शिपायाला गाठलंत. तुमचे साक्षीदार गोळा झाले. मग घरी येऊन माझ्यासमोर बसलात. शाळेत येणारा तांदूळच किडका. मुख्याध्यापकांना दहा वेळा सांगून झालं होतं, "आलाय तो शिजवा," एवढंच उत्तर. शाळेला गच्ची नाही, म्हणून शालनताई शनिवारी पोतं घरी न्यायच्या, रविवारी गच्चीवर साड्या अंथरून उन्हात घालायच्या, सासू-सून दिवसभर निवडायच्या आणि सोमवारी सकाळी सातच्या आत परत आणून ठेवायच्या. फुकट. कुणी सांगितलं नव्हतं.

"पोतं परत येतं," तुम्ही म्हणालात. "फक्त ते सकाळी सातला येतं. तेव्हा तू झोपलेली असतेस."

असं बोलतात का मुलीशी? मला अजून वाटतं, दुसरा कुणी बाप असता तर डोक्यावर हात ठेवून म्हणाला असता, चुकलं बाळ, होतं असं. तुम्ही कोरा कागद पुढे सरकवलात. "दुरुस्ती लिही."

मी लिहिली नाही. कारणं माझ्याकडे भरपूर होती आणि आजही मला ती सगळी खोटी वाटत नाहीत. आपण माघार घेतली की किडक्या तांदळाचा विषयच बुडणार. शाळावाले म्हणणार, बघा, सगळंच खोटं होतं. तांदूळ पाठवणारा मोकळा सुटणार. मी ओरडून म्हटलं, "मुद्दा बरोबर होता, अण्णा!"

"मुद्दा बरोबर होता. माणूस चुकलं."

"मग मी किडक्या तांदळावर नवं पत्रक काढते. त्यात लिहिते ना, शालनताईंचा दोष नाही म्हणून."

"कुठं लिहिशील?"

"तिसऱ्या परिच्छेदात."

"त्यांना चोर कितव्या परिच्छेदात म्हणालीस?"

शीर्षकात म्हणाले होते.

शेवटचा उपाय म्हणून मी म्हटलं, "मग तुम्हीच काढा तुमच्या नावानं. लोक तुमचं ऐकतात." आणि खरं सांगते, मला वाटलं तुम्ही काढाल. बाप काढतात. तुम्ही पाट भिंतीला टेकवून ठेवलात आणि म्हणालात, "चूक तुझी, सही तुझी." झालं. त्यानंतर सहा आठवडे आपण बोललो नाही. बोललो तर फक्त आईमार्फत. "तिला विचार, झालं का?" "आई, त्यांना सांग, नाही." आई एकदा वैतागून म्हणाली, "मी काय पोस्ट आहे का? एकाच खोलीत बसलाय दोघं!"

त्या सहा आठवड्यांत एक गोष्ट माझ्या अगदी ओठांवर होती. ती बोलले नाही. आता बोलते, तुम्हाला उत्तर देता येणार नाही हे माहीत असूनही, आणि हे तुमच्या नियमात बसत नाही हेही माहीत असून. मी सात वर्षांची असताना कारखान्यात एका पोराची दोन बोटं गेली. मशीनला जाळी नव्हती. जाळी होती असं लिहून द्या, असं तुम्हाला सांगितलं गेलं. तुम्ही लिहून दिलं नाही, उलट राजीनामा दिलात, आणि त्या राजीनाम्याचंसुद्धा पत्रक काढून गेटवर वाटलंत. लोक अजून ती गोष्ट सांगतात. मुलाला बोटं परत मिळाली नाहीत, पण जाळ्या बसल्या. मला त्याचा अभिमान आहे, तो मी कुठेही सांगेन. पण आईला ते कसं कळलं, अण्णा? शेजारच्या काकू ते पत्रक हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे काय गं, सोडली नोकरी?" रेशनवाल्याला आधी वाचून दाखवणाऱ्या माणसानं स्वतःच्या बायकोला वाचून दाखवलं नाही. दुसरा कारखाना मिळेपर्यंत तीन हंगाम ती पहाटे उठून द्राक्षं खोक्यांत भरायला पॅकहाऊसच्या थंड खोलीत गेली, बोटं थंडीनं सुजलेली असायची.

परवा मी तिला विचारलं, राग नाही आला तेव्हा? ती मेथी निवडत होती. म्हणाली, "आला ना. चांगला आठ दिवस होता. त्यांनी विचारलं असतं तर मी सोडा म्हटलंच असतं, पोराची बोटं गेली होती. पण मला हो म्हणायचा चान्स तर द्यायचा." मग पुढची जुडी ओढत, "अख्ख्या कॉलनीला दुरुस्त्या वाटल्या या बाबानं. आपल्या घरी एक यायची राहिली."

ही माझी तक्रार आहे. बाकी तुमच्यावर काही नाही. हीच आहे, आणि ती मोठी आहे.

त्या सकाळी तुम्ही दुधाची पिशवी घेऊन निघालात. चपला घालताना थेट मला विचारलंत, आईमार्फत नाही, सहा आठवड्यांत पहिल्यांदा. "झालं का?" मी फोनमधून मान वर न काढता म्हटलं, "नाही." कुंभमेळ्याच्या कामांसाठी उकरलेल्या रस्त्याच्या कडेनं तुम्ही चौकापर्यंत गेलात, कट्ट्यावर टेकलात आणि उठला नाहीत. दूधवाल्याला वाटलं तुम्ही उन्हाला बसलाय. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. दोन शब्द तुमचे, एक माझा. मी रोज त्या एका शब्दाच्या जागी दुसरे शब्द घालून बघते. एकही बसत नाही, कारण झालं नव्हतंच.

सातव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, पाचसहा जण बोलले, तत्त्व हा शब्द मी मोजायचा सोडून दिला. मग मला उठवलं. अण्णा, मी फार छान बोलले. वह्यांची कव्हरं सांगितली, लोक हसले. रेशनवाला सांगितला, लोक रडले. तुमचा नियमसुद्धा सांगितला, दुरुस्तीचा, सगळा, उन्हातल्या त्या फेरीसह. आणि शेवटच्या रांगेत भिंतीला पाठ लावून शालनताई बसल्या होत्या. पांढरं लुगडं, हातात मेणबत्तीचा पुडा. मी त्यांच्याकडे बघितलं आणि पुढच्या वाक्यावर गेले.

घरी येताना आई म्हणाली, "छान बोललीस."

मी चालत राहिले.

"शालनबाई बाहेर चप्पल शोधत होत्या. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. तू कुठं होतीस?"

लोकांचं सांत्वन स्वीकारत होते. माझे हात हातात घेऊन लोक म्हणत होते, अण्णांचा वारसा तू चालवशील.

मग मी लिहिलं. तीन दिवस लागले. अन्यायाविरुद्ध लिहायला मला तासभर लागतो. हे दहा ओळींचं लिहायला तीन दिवस. ते घेऊन शालनताईंकडे गेले. त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. वळल्या, मला बघितलं आणि पुन्हा चिमटे लावायला लागल्या. सुनेनं मला बसायला काही दिलं नाही. बरोबरच होतं.

"मी वाचून दाखवायला आलेय," मी म्हटलं.

"लय दिवस लावले," त्या म्हणाल्या. "अण्णा दर रविवारी यायचे. बसायचे हितं, पायरीवर. म्हनायचे, ती येईल वाचून दाखवायला. मी म्हनायची, नाय यायची. शिकलेली पोर हाय, कशाला येईल? ते म्हनायचे, रागीट हाय, पण येईल."

मी खरंच चिडले, अण्णा. तिथे, त्या गच्चीवर, हातात माफीचा कागद घेऊन चिडले. म्हणजे दर रविवारी तुम्ही माझ्या वतीनं शब्द देऊन येत होतात? मला न विचारता? आणि घरी येऊन आईला म्हणायचात, विचार, झालं का! मी न आले असते तर? तुम्ही या बाईला काय सांगितलं असतं? माझ्यावर इतका भरवसा होता तर तो एकदा माझ्या तोंडावर का नाही बोललात? माझा चेहरा बघून शालनताई म्हणाल्या, "काय झालं? वाचा की."

मी वाचलं. 'काही दिवसांपूर्वी निघालेल्या पत्रकात गैरसमजातून...'

"थांबा. हे काय, गैरसमजातून?"

"म्हणजे, माझा समज चुकीचा झाला..."

"समज कशाचा? समज हुयाला काय तरी बोलनं व्हावं लागतं. तुमी आल्या होत्या का? विचारलं होतं का? मी रोज शाळेच्या दारात असायची. तुमी समोरून जायच्या. गैरसमज बिमज काय नाय. विचारलं नाय, आसं लिवा."

मी खोडलं. लिहिलं, 'मी त्यांना विचारलं नाही.' पुढे वाचलं. 'त्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल...'

"मनस्ताप नका लिहू. काम गेलं. काम गेलं लिवा."

लिहिलं. मग त्या माझ्याजवळ आल्या, कागद हातात घेतला. त्यांना वाचता येतं हेही मला माहीत नव्हतं. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. खाली माझं पूर्ण नाव होतं, आणि पूर्ण नावात मध्ये तुमचं येतंच. मी म्हटलं, "हे मधलं काढते. चूक त्यांची नाही."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "लोक त्याच नावाला दार उघडतात."

हे ऐकून घ्यायला लागलं, अण्णा. मी इतकी वर्षं लिहितेय.

दोनशे प्रती काढल्या. वर लिहिलं, 'शालनताईंनी तांदूळ चोरला नाही.' पहिल्या पत्रकाएवढ्याच अक्षरात, मोजून. ग्रुपवरही टाकलं, नावासकट. आणि वाटायला निघाले. हे किती कंटाळवाणं काम आहे हे तुम्ही कधीच का सांगितलं नाहीत? दाराखालून सरकवायला एक क्षण लागतो. हातात द्यायचं म्हणजे बेल वाजवा, थांबा, आतून "कोण आहे?", सांगा कोण आहे, मग माणूस हात पुसत येतो, मग चष्मा शोधतो. एकानं वाचून परत दिलं, "आमच्याकडे नको." एक बाई म्हणाली, "अगं, पण तू होतीस होय ती जागरूक?" आणि शेजारणीला हाक मारून दाखवलं. एक काका म्हणाले, "आता काय उपयोग?" काकांचं चुकीचं नव्हतं, शाळेत खिचडी आता गाडीतून येते, थंड, आणि शालनताईंची जागा राहिलेली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, वरून निर्णय झालाय. तुमच्या नियमात यापुढचं काही लिहिलेलं नाही, अण्णा. दुरुस्ती दोनशे घरांत पोचते आणि काम तरीही परत येत नाही, तेव्हा काय करायचं ते तुम्ही शिकवलं नाहीत. बहुतेक तुम्हालाही माहीत नव्हतं. सोमवारी मी आणि शालनताई शिक्षण खात्याच्या कार्यालयात जाणार आहोत. अर्ज त्यांनी सांगितला, मी लिहिला. बोलणार त्या आहेत.

पण त्याआधी काल शाळेमागची गल्ली राहिली होती. तिथेच त्यांना सर्वांत जास्त बोलणी खावी लागली होती. मी निघाले तर कोपऱ्यावर शालनताई उभ्या. म्हणाल्या, "हितं मी येते." मी म्हटलं, कशाला, त्रास होईल तुम्हाला. त्या चालायला लागल्याच होत्या.

प्रत्येक दारात त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. लोकांना त्यांच्याकडे बघता येईना, म्हणून ते माझ्याकडे बघत, आणि मला बोलता येईना, म्हणून ते कागद वाचत. चौथ्या घरात ती बाई होती जिनं नळावर सगळ्यांसमोर शालनताईंना चोरटी म्हटलं होतं. तिनं दार उघडलं आणि लगेच बोलायला लागली, "अहो, मला तर तेव्हाच वाटलं होतं की..."

"वाचा आधी," शालनताई म्हणाल्या.

तिनं वाचलं. सगळं, सहीपर्यंत. वाचून झाल्यावर ती बाजूला सरली, दार पूर्ण उघडलं, आणि पहिल्यांदा शालनताईंकडे बघून म्हणाली, "या ना आत. बसा. चहा टाकते."

"नाय," शालनताई म्हणाल्या. "अजून घरं हायेत."

आणि पुढच्या दाराची बेल त्यांनीच वाजवली.